तिमिरद्वीपाचा नकाशाकार

९ नोव्हेंबर, रविवार
चिरागचा फोन. माझा जुना विद्यार्थी. बेलापूरला तीन मित्रांबरोबर मोबाइल गेम बनवतोय. नाव ‘तिमिरद्वीप’. जादूगार, राक्षस, उडते घोडे. बेटाचा नकाशा हवाय. म्हणाला, संघर्ष सर, तुम्ही फळ्यावर दोन मिनिटांत भारत काढायचात, तसला हात मी परत बघितला नाही. कागदावर काढून फोटो पाठवलात तरी चालेल. मुदत १० डिसेंबर.
उरणच्या शाळेत वीस वर्षं भूगोल शिकवल्याचं चीज झालं. कागदावर अर्थातच काढणार नाही. आधी योग्य सॉफ्टवेअर निवडणार. दोन दिवस पुरेत.

११ नोव्हेंबर
बारा व्हिडिओ पाहिले. क्रिता नावाचं चित्रं काढायचं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं. छान उघडलं. ब्रश भरपूर. पण फुकट. फुकट वस्तूवर माझा विश्वास नाही. काढून टाकलं.
भावनाने विचारलं, मग शेजारच्यांचं वायफाय कसं चालतं? बायकोला प्रोफेशनल निकष समजावणं अवघड आहे.

१४ नोव्हेंबर
एक्सेलमध्ये तुलनेचा तक्ता केला. अकरा सॉफ्टवेअर, तेवीस निकष. ‘डोंगर काढण्याची सोय’, ‘लाटा’, ‘राक्षसी वातावरण’ वगैरे. हे काम इतक्या शास्त्रशुद्ध पद्धतीने जिल्ह्यात कोणी केलं नसेल.
आज नववी ब मधल्या नऊ जणांच्या वहीत नकाशा नव्हता. एक म्हणाला, सर, पेन्सिल चांगली नव्हती. त्याला ठणकावून सांगितलं, पेन्सिल कसली का असेना, डोक्यात नकाशा असला की हात चालतो. सगळ्यांना बाहेर उभं केलं.

१८ नोव्हेंबर, पहाटे ५
फोटोशॉपची सात दिवसांची ट्रायल सुरू. संकल्प: रोज पहाटे पाच ते सात नकाशा.

२५ नोव्हेंबर
ट्रायल संपली. सातपैकी दोन दिवस लाइट नव्हती. एक दिवस काशीदला मेहुण्याच्या मुलीची हळद. तीन दिवस शिकवणीचे व्हिडिओ. उरलेल्या एका दिवसात कॅनव्हासचा आकार पक्का केला. आकार चुकला की पुढचं सगळं चुकतं, हे लोकांना कळत नाही.

२८ नोव्हेंबर
खरा दोष माउसचा होता. त्याने रेषा थरथरते. पेन टॅबलेट मागवला. आजच आला. भावना म्हणाली, पाटीसारखा दिसतो. मग म्हणाली, बेट कुठे आहे? म्हटलं, आधी ड्रायव्हर टाकावा लागतो. म्हणाली, बेटाला ड्रायव्हर कशाला?

२ डिसेंबर
नववी ब चा ऑफ तास, मला बसवलं. हातात खडू होता. सहज फळ्यावर तिमिरद्वीप काढलं. दक्षिणेला खाडी, मध्ये ज्वालामुखी, पूर्वेला मिठागरं, त्यांच्यावर राक्षसांचा कर. नववी ब ने टाळ्या वाजवल्या. चौदा मिनिटं लागली असतील.
सकिना मॅडम हिंदीच्या तासाला आल्या आणि दारातच थांबल्या. म्हणाल्या, माशाल्ला, सर! फोटो काढा आणि आत्ताच्या आत्ता त्या मुलाला पाठवा. मी हसलो. खडू म्हणजे प्रोफेशनल नव्हे. त्यात लेयर नसतात.
शाळा सुटल्यावर सदा शिपाई डस्टर घेऊन आला. म्हणाला, सर, ह्ये पुसू का र्‍हाऊ दे? लई झ्याक हाय. म्हटलं, पूस.

६ डिसेंबर
चैत्यभूमीला जाऊन आलो. येताना लाँचमधून मोरा बंदराचा किनारा पाहताना तिमिरद्वीपाची किनारपट्टी स्पष्ट दिसली. अगदी स्पष्ट. भावनाने पर्समधून पेन आणि डायरी काढून पुढे केली. घेतली नाही. आता शेवटच्या फेरीत दोनच सॉफ्टवेअर उरली आहेत. अशा वेळी घाई नको.

१० डिसेंबर
चिरागचा फोन. नकाशा झाला का? त्याला निवडप्रक्रिया नीट समजावली. चाळीस मिनिटं. तक्ताही पाठवला. तो म्हणाला, सर, खूपच डिटेल आहे. भारावला असावा.
पाच दिवस वाढवून मागितले. दिले.

१५ डिसेंबर
चिरागचा मेसेज. सर, वेळ नव्हता म्हणून मीच दोन संध्याकाळी बसून नकाशा काढला. फाइल पाठवतोय. फक्त एकदा नजरेखालून घाला. भूगोलाची चूक राहायला नको.
दोन संध्याकाळी! हल्लीच्या मुलांना साधना म्हणून नकोच.
फाइल क्रितामध्ये केलेली. माझ्याकडे उघडेना. परत क्रिता टाकायचं म्हणजे तत्त्वाशी तडजोड. शिवाय तक्त्यात ते तिसरं आहे. थोडा विचार करून उत्तर पाठवलं: ‘उत्तम! किनारपट्टी विशेष आवडली.’ बेट म्हटलं की किनारपट्टी असणारच.

१७ जानेवारी, शनिवार
गेम आला! शेवटी नावांची यादी येते, त्यात ‘भूगोल सल्लागार: संघर्ष सर, उरण’. स्टाफरूममध्ये सगळ्यांना दाखवलं. नकाशा मीही आजच पाहिला. रंग बरे आहेत.
सकिना मॅडमनी फोन हातात घेतला, चष्मा लावला. विचारलं, सर, ही नदी समुद्रातून निघून डोंगरावर चढते कशी? म्हटलं, जादूचं बेट आहे. म्हणाल्या, बरं, पण वर चढल्यावर दोन फाटे फुटून दोन्ही बाजूंनी परत समुद्रात का उतरते?
घंटा झाली.

१९ जानेवारी, सोमवार
गेमखाली दोनशे छत्तीस प्रतिक्रिया. बहुतेक नदीवर. एकाने लिहिलंय, भूगोल सल्लागार बुडाले का? त्याला नव्वद लाइक. त्यातले पाच आमच्याच शाळेचे आहेत, नावं ओळखली.
दुपारी चिरागचा फोन. चिडेल असं वाटलं होतं. चिडला नाही. म्हणाला, सर, माझ्या मित्रांना ती नदी आधीच खटकली होती. बदलूया म्हणत होते. मी त्यांच्याशी भांडलो. म्हटलं, सरांनी बघितलंय, उत्तम म्हणालेत, सर चुकणार नाहीत. मग विचारलं, सर, तुम्ही फाइल उघडली होती ना?
मी फाइल फॉरमॅटबद्दल बोलायला लागलो. मध्येच लक्षात आलं की फोन कधीच कट झालाय.
उद्या पहिल्या तासाला दहावीला नद्या शिकवायच्या आहेत. किरकोळ रजेचा अर्ज लिहून सदाच्या हाती मुख्याध्यापकांकडे पाठवला. कारण: पोटदुखी.