रेकॉर्डरची डिस्क आणि माझा हातगुण

३ मार्च
टीव्हीच्या रेकॉर्डरमधून घर्रघर्र. हार्ड डिस्कचं दुखणं असणार. बायको म्हणाली, मेकॅनिकला बोलाव. घरात इंजिनिअर असताना? (मी सिव्हिलचा. पण डोकं ते डोकंच.)

४ मार्च
डिस्क मेन्टेनन्सचे व्हिडिओ पाहिले. विषय मुठीत. बायकोचं एकच पालुपद : आधी बाबांचं गाणं कॉपी करून घे. सासरे आयुष्यात एकदाच टीव्हीवर गायले. ते गेल्यापासून सासूबाई रोज चहानंतर ते लावून बसतात. त्यांचा आवाज दुसरीकडे कुठेच नाही म्हणे. करतो म्हटलं. आधी डिस्क ठणठणीत करू, मग कॉपी. आजारी माणसाचा फोटो काढतं का कोणी?

६ मार्च, दुपार
मशीनने विचारलं, फॉरमॅट करू? सगळा डेटा जाईल. डेटा म्हणजे आतला कचरा. ओके दाबलं.

६ मार्च, चहानंतर
गाणं सापडत नाहीये. सासूबाईंना म्हटलं, सर्व्हिसिंग चालू आहे. त्या रिमोट हातात धरून तशाच बसून राहिल्या. धीर कसा तो नाहीच.

७ मार्च
टेस्टिंगसाठी बातम्यांचं चॅनल अखंड रेकॉर्डिंगला लावलंय. डिस्क झकास. घर्रघर्र मात्र आहेच.

१० मार्च
बायकोने डोकं खाल्लं, म्हणून मशीन दुकानात नेलं. दुकानदार म्हणाला, आवाज पंख्याचा होता, केस अडकलेत. डिस्क धडधाकट होती. फॉरमॅटनंतर काहीच रेकॉर्ड केलं नसतं तर गाणं कदाचित परत निघालं असतं, आता त्यावर बातम्या बसल्या. मग पार्टनरला हाक मारून मला सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं. दोघंही पोट धरून हसले. बायको बाहेर जाऊन उभी राहिली. गिऱ्हाईकाशी वागायची रीतच नाही लोकांना.

१२ मार्च
सासूबाई रागावल्या नाहीत. समजूतदार बाई. बायको बोलत नाही, पण तो तिचा स्वभाव.
चहानंतर सासूबाई म्हणाल्या, जावईबापू, मधलं कडवं आठवेनासं झालंय. तुमच्या रोज कानावर पडायचं, जरा म्हणून दाखवा.
मी तेवढा वेळ दार लावून बसायचो. तरी एक चाल म्हटली. हे नव्हे, म्हणाल्या. दुसरी म्हटली. हे नव्हे. तिसरी सुचेल तशी रेटली. त्या बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, असेल, हेच असेल. आता रोज म्हणत जाल का?
हो म्हणालो.
काय म्हटलं होतं, ते मघापासून आठवतोय.