आईच्या पायांवर मामांची टाकी

अमरावती, २८ मे

आदरणीय चंद्रभान मामा यांना भाचा सुगत याचा मनापासून जयभीम.

पत्र पाहून दचकू नका, इकडे सगळे ठणठणीत आहेत. तुमचे गुडघे काय म्हणतात? मामींची शुगर? तुमची पायल अकोल्याच्या उन्हात तोंडाला दुपट्टा बांधूनच बाहेर पडत असेल अशी आशा करतो. फोन करायचा सोडून हा पोरगा पत्र का लिहितो, असं तुम्हाला वाटेल. तर मी फोनवर "टाकी" म्हटलं की तुमच्याकडची रेंज जाते, हा अनुभव मी तीनदा घेतला आहे. (चौथ्यांदा ती "टा" वरच गेली.) पत्राला रेंज लागत नाही, आणि मामींनी ते तुमच्या हातात चष्म्यासकट द्यायचं कबूल केलं आहे. त्यांच्यावर रागावू नका.

आधी कबुली देऊन टाकतो, म्हणजे पुढचं लिहायला हात मोकळा होईल. रिटायर होऊन अकोल्याच्या फ्लॅटमध्ये राहायला गेलात तेव्हा तुमची जुनी मोटरसायकल आमच्या अंगणात लावून तुम्ही एकच गोष्ट सांगितली होती, की पेट्रोलची टाकी काठोकाठ भरून ठेवजो, रिकाम्या टाकीले हवा खाते. मी मान डोलावली. नंतर माझी स्कूटर ऐन क्लासच्या वेळेला कोरडी पडायची, तेव्हा तुमच्या टाकीतून थोडं थोडं काढत गेलो. भरायचं राहून गेलं. हे आईला माहीतच नव्हतं. मग गेल्या वर्षी जानेवारीत तुम्ही आलात, झाकण उघडलंत, मोबाइलच्या उजेडात आत बघितलंत आणि "बहिणीच्या घरी गाडी ठेवली होती मी, का विहिरीत?" एवढंच बोलून निघून गेलात. चहा उकळत होता. दोष माझा होता, बोलणं मात्र आईने ऐकलं, आणि मी कूलरच्या मागे लपलो. तुम्ही गेल्यावर तुमच्या वाटचा चहा आईने फेकला नाही. तो गार झाल्यावर स्वतः प्यायली. मामा, आई गार चहा पीत नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त वर्षांपासून माहीत आहे.

असे सोळा महिने गेले. यंदा मे महिन्यात क्लासला सुट्टी लागली आणि मी ठरवलं की टाकी आपणच दुरुस्त करायची. मोतीराम मिस्त्रीने आत बॅटरी मारून पाहिलं आणि ही टाकी आता तुळस लावायच्या कामाची आहे असा निकाल दिला. पण मी बारावीच्या पोरांना रसायनशास्त्र शिकवणारा माणूस. लोखंड कसं गंजतं ते दरवर्षी फळ्यावर दोन रंगांच्या खडूने लिहितो. मला काय अवघड होतं! टाकी गाडीवरून उतरवली, लिंबूसत्त्वाचं गरम पाणी करून तिच्यात भरलं, एक दिवस ठेवलं, मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुतली. आतून टाकी नव्या पातेल्यासारखी निघाली. आता ती पटकन वाळवायची होती. आणि मामा, आपल्या वऱ्हाडात मे महिन्यात जे जे काही आपल्याला प्रिय असतं, म्हणजे पाहुणा, जावई, आंब्याची टोपली, ते आपण उचलून कूलरसमोर ठेवतो. मीही टाकी कूलरसमोर ठेवली. (नवीन खस लावलेला, पाणी काठोकाठ भरलेला.) संध्याकाळी झाकण उघडून बघतो तर आत पहिल्यापेक्षा तांबडा गंज. लोखंडाला गंजायला पाणी आणि हवा लागते, हे मी वीस वर्षं शिकवतो, आणि दोन्ही मी फुल स्पीडवर पुरवलं होतं.

आईने आत वाकून पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "पोरायले हेच शिकवून राहिला काय तू?" त्यानंतर मला केसमधून काढून टाकण्यात आलं.

आता पुढचं नीट वाचा, कारण हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे आणि पाहूनही खरं वाटत नाही. तुमची बहीण इंदूबाई, वय सहासष्ट, वलगावच्या उपकेंद्रातून नर्स म्हणून रिटायर, पेट्रोलच्या वासानेही जिचं डोकं दुखतं, तिने नाकाला ओला रुमाल बांधला आणि टाकीचा पेशंट केला. तो नवा गंज सुटेना म्हणून तिच्या हुकुमाने मी टाकीत नट टाकून हाताने हलवत होतो, तर दहा मिनिटांत माझीच कंबर धरली. आईने घरातल्या जुन्या लुगड्याची झोळी बांधली, टाकीला नटांसकट गोधडीत गुंडाळून आत घातलं, आणि बाजेवर बसून दोरीने झोका देत राहिली. दोन तास, एका लयीत, मध्येच कूस बदलून. शेजारच्या शकुनकाकू भिंतीवरून डोकावून कोणाचं लेकरू आलं म्हणून विचारू लागल्या. आईने तोंडावर बोट ठेवून त्यांना परत पाठवलं. (जाताना त्या पाय न वाजवता गेल्या, याचं आईला बरंच वाटलं असावं.) त्यानंतर टाकीतून निघालेला गंज पाहिला असता तर तुळशीचा निकाल देणाऱ्या मोतीरामची तुम्हाला कीव आली असती.

धुऊन झाल्यावर तिने टाकी गच्चीवर नेली आणि कुरड्या-पापडांच्या मधोमध, सेहेचाळीस डिग्रीच्या उन्हात तोंड उघडं करून ठेवली. तासाभरात खडखडीत. कूलरकडे तिने जाता जाता ज्या नजरेने पाहिलं ती मी विसरणार नाही. मग आत पाणी भरून तिने बाहेरून तुमच्या टाकीला पोंड्स पावडर फासली. मला वाटलं, उन्हाचा परिणाम झाला. पण ज्या ठिकाणी पावडर ओली झाली तिथे सुईच्या टोकाएवढी भोकं होती, खालच्या बाजूला, तीन. मिस्त्रीला दिसली नव्हती, मला दिसली नव्हती.

टाकी पुन्हा वाळवल्यावर राहिला भोकं बुजवायला आतून द्यायचा लेप. दोन बाटल्यांतलं औषध मिसळून आत ओतायचं, आणि घट्ट होईपर्यंत टाकी सगळ्या अंगांनी फिरवत राहायचं. थांबलं तर एका जागी साचून राहतं. मी दोराचं काहीतरी यंत्र बनवायच्या विचारात होतो. आई भिंतीला टेकून, पाय लांब करून खाली बसली आणि म्हणाली, "आण इकडं." आणि मामा, तिने टाकी पायांवर घेतली, जसं तान्हं लेकरू आंघोळीला घेतात तसं. उताणी, पालथी, डाव्या कुशीवर, उजव्या कुशीवर, मान खाली, मान वर, एक इंच जागा न सोडता. चाळीस वर्षं परक्यांची लेकरं या पायांवर आंघोळून निघाली आहेत, त्या पायांना आणखी कोणतं प्रशिक्षण हवं? फिरवता फिरवता ती बोलत होती, माझ्याशी नाही. म्हणाली, याच टाकीवर औषधांची पेटी ठेवून चंद्रभान मले अडलेल्या बायांकडे घेऊन जाये, चिखल असो का अंधार असो, एक दिवस नाही म्हटलं नाही त्यानं. मी डिग्री घेतलेला माणूस बाजूला चिंधी धरून उभा होतो. मामा, मला आईचा एवढा अभिमान याआधी कधी वाटला नव्हता, आणि स्वतःची एवढी लाजही.

चार दिवस लेप वाळू दिला. परवा टाकी पेट्रोलने काठोकाठ भरली (हो, काठोकाठ) आणि गच्चीवर सावलीत पेपरवर ठेवली. दिवसभरात पेपरवर एक डाग नाही. आता टाकी गाडीवर चढली आहे आणि मोतीराम इकडून जाताना मान खाली घालून जातो.

मामींना जयभीम, पायलला आशीर्वाद.

तुमचा अपराधी भाचा,
सुगत

ता. क. गाडी चालते की नाही ते मला माहीत नाही. ती अजून चालूच केलेली नाही, कारण गेल्या वर्षी जानेवारीत तुम्ही रागाने गेलात ते चावी खिशात घालून. (टाकीच्या झाकणाला चावी लागत नाही, गाडीला लागते.)

ता. क. २. इथे चौकातला चावीवाला दहा मिनिटांत नवी चावी करून देतो, मी त्याला घरी आणलंही होतं. आईने त्याला चहा पाजला आणि परत पाठवलं. तुम्ही चावी कुरियरने पाठवली तर घेणार नाही, असंही तिने बजावलं आहे.

ता. क. ३. पत्र आईला वाचून दाखवलं. सगळा बडेजाव खोडून टाक म्हणाली, मी खोडला नाही. मग पेन मागून घेतलं. खालचं अक्षर तिचं आहे.

चंद्रभान, टाकी गळत नाही. चावी घेऊन येजो. नाही सापडली त तसाच येजो.