अमावास्येला वळली मान

कळंब,
ता. १-१२-५८

ती. सौ. आईस,
प्रयागचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

आपल्या घरात वाचता येणारी मी एकटीच, म्हणून हे पत्र बब्रुवान मास्तर तुला वाचून दाखवतील. पण लपवून चालणार नाही.

महारुद्र पाचव्या महिन्यात आहे. नजर तेज. आधी नुसता दिव्याकडे बघायचा. आता मामंजींनी नवी कळशी उन्हात धरली, की तिची चमक भिंतीवर जिकडे सरकेल तिकडे त्याचे डोळे जातात. मला तर ओसरीवरूनच ओळखून हसतो.

पण त्याला ऐकू येतं का, हे कळत नाही. दुकान घराला लागूनच. दिवसभर तांब्यावर हातोडे चालतात आणि हा पाळण्यात गाढ झोपतो. काल मी मागे उभी राहून परातीवर पळी हाणली. पापणीसुद्धा लवली नाही. मामंजींना अजिबात ऐकू येत नाही. ते रक्तातलं असलं तर? इथं अजून कुणाला बोलले नाही.

माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी प्रयाग

माकणी,
ता. ५-१२-५८

चि. सौ. प्रयाग हिला धुरपदाबाईचे अनेक आशीर्वाद.

मास्तर मी बोलते तसंच लिहायलेत. पोरी, व्याह्यांचे कान हातोड्यानं गेले, रक्तानं न्हाय. तू बी दोन वर्षं तोंडातनं शब्द काढला न्हाईस, आता थांबायचं नाव न्हाय. मास्तर हसायलेत, पर हे बी लिहा म्हणलं.

तरी बी पत्र ऐकल्यापासनं माझा जीव थाऱ्यावर न्हाय. अमोशा झाली की येष्टीनं येते, डागदरकडं नेऊ. तवर लेकराच्या कानाशी परात वाजवू नको.

त्याला माझा मुका. जपून ऱ्हा.
तुझी आई

कळंब,
ता. ११-१२-५८

ती. सौ. आईस,
प्रयागचा नमस्कार. वि. वि.

आई, त्याला ऐकू येतं. हे आधी लिहिते, बाकीचं मास्तर सावकाश वाचतील.

काल अमावास्या, म्हणून हातोडे बंद. एवढी शांतता त्याच्या ओळखीची नाही. सकाळपासून किरकिरत होता. मी दाराआड ज्वारी पाखडायला बसले. बांगड्या वाजल्या आणि तो गप्प झाला. मान माझ्याकडे वळली. सावली दिसली असेल, असं वाटून मी दुसऱ्या दाराआड गेले, सूप ठेवून नुसता हात हलवला. मान तिकडे वळली. रोजच्या गोंगाटात माझी परात म्हणजे त्याला आणखी एक हातोडाच वाटली असणार.

मला रडताना मामंजींनी बघितलं. ह्यांनी त्यांना खुणांनी सगळं सांगितलं. ते पाळण्याशी बसले आणि मला पुन्हा दाराआड पाठवलं. मग आणखी एकदा. स्वयंपाक राहिला तरी सोडेनात. शेवटी ह्यांनी खुणेनं विचारलं, की आबा, तुम्हाला ऐकू येत न्हाय, मग बघताव काय? तर म्हणाले, पोराची मान वळली की मला सुनेच्या बांगड्या कळायल्यात.

तू येच, पण डॉक्टरसाठी नको. दारातूनच हळू हाक मार. मी आणि मामंजी त्याच्या मानेकडे बघत बसू.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून,
प्रयाग