लाइट गेली तर पाणी कुठं जातं

पुंडलिकनगर, छत्रपती संभाजीनगर
१२ जानेवारी २०२५

चि. अपेक्षा हिस,
अ. उ. आ.

तुझा फोन आला की आई बोलते आणि मी शेजारी बसून मान हलवतो. ती मान तुला कोल्हापुरात दिसत नाही, म्हणून हे पत्र. डॉक्टरांनी गळ्यातली आवाजाची पेटी काढली, हात शाबूत ठेवला. मोबाइलवर लिहायला गेलो तर माझं वाक्य तोच पुरं करतो आणि भलतंच बोलून बसतो. त्यापेक्षा कागद बरा.

काम असं आहे. माझ्यासोबत स्टँडवर ड्यूटीला असलेले गायके वाहक तुला आठवत असतील. त्यांच्या अतुलचं बिडकीन रोडवर हॉटेल आहे. ते तो बंद करतोय, मार्चअखेर जागा सोडायची आहे. हॉटेलात आठ फुटी काचेची टाकी आहे आणि तिच्यात जायंट गोरामी जातीचे दोन मासे आहेत, कोपरापासून बोटांपर्यंत हात असतो तेवढे लांब. एक गिऱ्हाईक म्हणालं की कापून खाऊ, दुसरं म्हणालं की धरणात सोडा. अतुलला पहिलं करवत नाही, आणि बाहेरचा मासा धरणात सोडू नये एवढं त्याला कळतं. घेऊन जा काका, असं तो सहज म्हणाला. मी मनावर घेतलं.

टाकी चांगली आहे, पण तिच्याखालचं गाळायचं सगळं सडलंय. वरचं घाण पाणी खालच्या लहान टाकीत उतरतं, तिथं गाळून निघतं आणि पंप ते परत वर चढवतो. त्या खालच्या टाकीला संप म्हणतात. संप करायचाय असं मी आईला लिहून दाखवलं, तर तिनं विचारलं की तुम्ही रिटायर झालात, आता एसटीचा संप कशाला करता.

तू कारखान्यांचं पाणी शुद्ध करायची यंत्रं आखतेस. बापाला एक संप आखून दे.

आहे तशीच माया राहू दे.
तुझा,
अण्णा

---

पुंडलिकनगर
१९ जानेवारी

चि. अपेक्षास आईचे आशीर्वाद.

अण्णांनी तुला काय लिवलं ते मला दाखवलं नाय, पण मला ठाऊक हाय. ह्या गावात नळाला आठ-आठ दिवस पाणी येत नाय. उन्हाळा लागला की बाया टँकरच्या मागं पळतात. अन् आपण घरात माशांसाठी हौद भरायचा? शेजारच्या चंपाबाईला मी काय तोंड दाखवू?

पण दुसरीबी गोष्ट सांगते. ऑपरेशन झाल्यापासून हा माणूस गेटच्या बाहेर गेला नव्हता. कुणी आलं की आतल्या खोलीत जाऊन बसायचा. सगळ्या स्टँडला ज्याचा आवाज ठाऊक, त्याला आता लोकांपुढं यायची लाज वाटती. तोच माणूस परवा गळ्याला उपरणं गुंडाळून एकटा रिक्षात बसून बिडकीनला गेला, मासे बघायला. आला तर तोंडावर लई दिवसांनी उजेड होता.

आता मी व्हय म्हणू का नाय म्हणू, ते तूच सांग. पाण्यातलं तुला जास्त कळतं.

इकडं जीव लावलाय तसाच लावून ठेव.
तुझी,
आई

---

कोल्हापूर
२६ जानेवारी

ती. अण्णा व सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

दोघांची पत्रं मिळाली. आईचं आधी मिटवते. टाकी एकदाच भरायची. मग दर आठवड्याला त्यातलं थोडं पाणी बदलायचं, आणि काढलेलं पाणी गटारात नाही, तुझ्या लिंबाला आणि कढीपत्त्याला घालायचं. माशांच्या घाणीचं ते खतच असतं. शिवाय संपाच्या एका कप्प्यावर मनीप्लांट लावू, मुळं पाण्यात सोडून. ती मुळं घाण ओढून घेतात, म्हणजे पाणी बदलावं लागतं तेही कमी. चंपाबाईंच्या कुंड्यांनाही त्यातलं दे. मग तोंड दाखवायला हरकत नसावी.

आता अण्णा. सोबत चित्र आहे. संपाला तीन कप्पे. पहिल्यात स्पंज, मोठा कचरा तिथंच अडेल. दुसऱ्यात मातीच्या छोट्या नळकांड्या. त्यांच्या बारीक भोकांत जंतू राहतात आणि माशांच्या मुताचं विष तेच पचवतात. तिसऱ्यात पंप. अतुलच्या जुन्या नळकांड्या ओल्याच आणा आणि हौसेनं धुऊ नका, धुतलं की जंतू गेले. टाकी पुढच्या खोलीत फरशीवर, भिंतीलगत ठेवा. पाण्यानं भरली की तिचं वजन बैलगाडीभर उसाएवढं होईल.

एक गोष्ट विसरू नका. संप काठोकाठ भरायचा नाही. लाइट गेली की पंप थांबतो आणि वरचं थोडं पाणी खाली येतं. त्याला जागा हवी.

आईनं सांगितलं की तुम्ही एकटे बिडकीनला गेलात. मी ते पत्र ऑफिसात वाचलं आणि शेजारची सोनिया विचारत होती की डोळ्यांना काय झालं.

माझी आठवण ठेवा, रागवायचं असेल तरी ठेवा.
आपली,
अपेक्षा

---

पुंडलिकनगर
२ मार्च

चि. अपेक्षा हिस,
आशीर्वाद.

मासे आणायचे नाहीत. अतुलला दुसरं गिऱ्हाईक बघायला सांगतो.

टाकी आणून बसवली होती, मासे तोवर अतुलनं हॉटेलमागच्या हौदात ठेवलेत. संप तुझ्या चित्राप्रमाणे केला होता, जागाही सोडली होती. काल दुपारी पंप चालू केला. पाणी वर जात होतं, खाली येत होतं, आवाजसुद्धा फार नव्हता. आई भाजीला गेली होती. तेवढ्यात लाइट गेली. संप भरत आला, भरला, तरी वरून पाणी येणं थांबेना. वरची टाकी हातभर रिकामी झाली. पाणी पुढच्या दारातून अंगणात गेलं आणि तिथून उताराला लागून चंपाबाईंकडं.

त्यांनी ज्वारी वाळत घातली होती आणि त्या पाठमोऱ्या बसून लसूण सोलत होत्या. दहा पावलांवर, पण मधे कुंपण. मी तोंड उघडलं. सवय जात नाही. पुण्याची गाडी कुठं लागली ते मी सगळ्या स्टँडला ऐकवत होतो, आणि काल एका बाईला ज्वारी उचला एवढं सांगता आलं नाही. गेट वाजवलं तर त्यांना वाटलं भंगारवाला आला. वळून बघेपर्यंत ज्वारी भिजली होती.

यात तुझी चूक नाही. हे माझं काम नाही, एवढंच.

आमच्यावरचा लोभ कमी करू नकोस.
अण्णा

---

पुंडलिकनगर
३ मार्च

चि. अपेक्षास आशीर्वाद.

त्यांचं पत्र टाकायला मीच गेले, म्हणून हे मागोमाग लिवते. चंपाबाई काल घरी आली होती. हे आतल्या खोलीत गेले तर ती दारात उभी राहून तिथूनच बोलली. म्हणली, भाऊजी, ज्वारी गच्चीवर टाकली, वाळंल. पण तुम्ही आत बसायचं नाय. माझ्या नातीला मी मासे येणार म्हणून सांगून बसले, आता तिला काय सांगू?

मी आता व्हय म्हणते. नळाला येईल ते पाणी मी धरून ठेवीन. तू ते पाणी थांबव.

तुझी वाट बघत असते, ते ध्यानात ठेव.
आई

---

कोल्हापूर
८ मार्च

ती. अण्णांस,
शि. सा. न. वि. वि.

वरची टाकी हातभर रिकामी झाली, हे तुम्ही रागात लिहिलंत, पण त्यातच उत्तर मिळालं. वर पाणी नेणाऱ्या पाइपचं तोंड तुम्ही टाकीत खोल बुडवलंय, खरं ना? पिंपातून नळी घालून डिझेल काढतात, तसंच झालं. पंप थांबला आणि तोच पाइप उलटा पाणी ओढू लागला. तोंड उघडं पडून त्यात हवा शिरेपर्यंत तो थांबणार नव्हता. पाइप कसा ठेवायचा ते मी चित्रात दाखवलंच नव्हतं.

तोंड वर घ्या, पाण्याच्या चार बोटं खाली. आणि पाण्याच्या पातळीखाली बोटभर अंतरावर पाइपला एक बारीक भोक पाडा. पाणी तिथवर उतरलं की हवा शिरेल आणि ओढणं तुटेल. ते भोक शेवाळानं बुजतं, म्हणून अधूनमधून काडी घालत जा. संपातलं पाणीही आणखी खाली ठेवा आणि काचेवर खूण करा.

मग लाइट जायची वाट बघू नका. स्वतःच बटण बंद करा. परत करा. चंपाबाईंना खुर्ची देऊन समोर बसवा आणि करा. आमच्याकडं कुठलंही यंत्र आधी बंद पाडून बघतात, मगच गिऱ्हाइकाला देतात. तुमचं पहिल्यांदा बंद पडलं, एवढंच झालंय.

अतुलदादाला मी फोन केलाय. मासे तुमचेच आहेत असं तो म्हणाला.

तुमच्या उत्तरावर हक्क सांगणारी,
अपेक्षा

---

पुंडलिकनगर
२१ एप्रिल

चि. अपेक्षा हिस,
अ. उ. आ.

मासे येऊन महिना होत आला. पाइप वर घेतला, भोक पाडलं, आणि चंपाबाई नातीला मांडीवर घेऊन समोर बसल्या असताना मी बटण बंद केलं. पाणी चढलं, संपाच्या काठाला वीतभर उरलं तिथं थांबलं. नातीनं पुन्हा करायला लावलं. तिच्यासाठी मी ते इतक्यांदा केलं की शेवटी आईनं बटणाजवळून मला उठवलं. अतुल मासे घेऊन आला तेव्हा गल्लीतली निम्मी माणसं आमच्या अंगणात होती आणि मी त्यांच्यात होतो.

पण पत्र लिहिण्याचं कारण कालचं आहे. मागच्या आठवड्यात तपासणीला गेलो, तिथं बिडकीनचे एक आप्पासाहेब होते. त्यांचंही माझ्यासारखंच ऑपरेशन, नुकतंच झालेलं. भिंतीकडं तोंड करून बसले होते. त्यांची बायको सरूबाई आईपाशी रडली, की हे कुणाकडं बघत नाहीत. आई त्यांना म्हणाली की रविवारी आमच्याकडं मासे बघायला या. आईनं. मला विचारलंसुद्धा नाही.

काल आले. दोघी आत गेल्या आणि आम्ही दोघं टाकीपुढं, मधे एक वही. ते काही लिहीनात. तेवढ्यात लाइट गेली. खाली पाणी गडगडलं तसे आप्पासाहेबांनी दोन्ही पाय खुर्चीवर घेतले. मी हातानं थांबा म्हणालो. पाणी थांबलं. मग त्यांनी वाकून संप बघितला, कप्पे बघितले आणि वही ओढून घेतली. विहिरीच्या मोटारीला त्यांनीही असंच काही केलंय म्हणे. चांगलं पानभर लिहिलं.

मग मोठा मासा काचेपाशी आला आणि जाड ओठ हलवत आमच्याकडं बघत राहिला. आप्पासाहेबांनी लिहिलं की हा हुबेहूब माझा व्याही आहे, बोलतो खूप आणि ऐकू काही येत नाही. मी हसलो, मग तेही हसले. आमच्या हसण्याला आवाज नाही, नुसते खांदे हलतात. खुर्च्या वाजल्या तशा दोघी बाहेर आल्या आणि काय झालं म्हणून विचारू लागल्या. आम्हाला लिहून सांगायचं होतं, पण हसू थांबत नव्हतं. सरूबाई उंबऱ्यातच बसली. म्हणाली, नका सांगू, हसा.

हवा गिळून ती अन्ननलिकेतून परत काढत बोलायला शिकवणारा वर्ग दवाखान्यात बुधवारी असतो. आप्पासाहेब एकटे जायला तयार नाहीत. मीही नव्हतो. परवा ते सकाळच्या गाडीनं येतील, मी त्यांना स्टँडवरून घेणार आहे.

तुझी माया इकडं अशीच उतरत राहो.
तुझा,
अण्णा