दिनकरच्या खांद्यावरची शाल

शुक्रवार, कोर्टातून आल्यावर

आज बाररूममध्ये दिनकरचा सत्कार झाला. आता तो नागपूरला, हायकोर्टात वकिली करणार म्हणे. करो बापडा. सत्काराची शाल त्याने तासभर काढली नाही. काळ्या कोटावर, या उकाड्यात!

अध्यक्ष म्हणाले, "आंजी गावच्या रस्त्याच्या दाव्यात दिनकररावांनी इतिहास घडवला." कसला इतिहास? ना उलटतपासणी, ना युक्तिवाद. पट्टेवाल्याने तीनदा पुकारा केला, समोरचा वकील आला नाही, दावा खारीज. एवढ्यावर शाल! अन् हा गडी हात जोडून म्हणतो, "सगळी वरिष्ठांची कृपा." निर्लज्ज. शिकाऊ असताना माझ्याच टेबलाशी बसून अर्ज लिहायचा, तेही चुकीचे.

बाहेर आंजीच्या जनाबाई भेटल्या. तो दावा त्यांचाच. शेतात जायचा रस्ता गेला त्यांचा. आतल्या टाळ्या ऐकून त्यांनी विचारलं, "कोनाचं लगन हाये का जी?" सत्कार आहे म्हटलं. मग हळूच म्हणाल्या, "वकीलसाहेब, त्या दिवशी तुमी कुठी होते जी? मी तुमाले आवाज देऊन राह्यली होती."

कुठे होतो? फाटकाजवळच्या चहाच्या टपरीवर. दिनकरला कायद्यातलं काही कळत नाही, हे चार वकिलांना रंगवून रंगवून सांगत होतो. पुकारा ऐकूच आला नाही. माझाच आवाज मोठा.

आणि ती शाल? ती त्याच्या खांद्यावर मीच घातली. वरिष्ठ म्हणून मलाच पुढे बोलावलं होतं.