बंदुकीचं बूच

प्रिय संगप्पा,

तुझ्या ठासणीच्या बंदुकीच्या दुरुस्तीला मी एक नारळ घेतला, एवढंच लोकांना माहीत आहे. खरा खर्च असा: चार दिवस, दोन कानशी आणि बुधवारपासून घशाखाली न उतरलेली भाकरी. सोमवारी जत्रेत पालखी उठायच्या आधी तू बार काढणार, म्हणून हे पत्र तुझ्या लेकीच्या, भुवनेश्वरीच्या हाती देतोय. ती आजच मंद्रूपला निघाली आहे. फोनवर मी हल्ली नुसतं 'बरं, बरं' म्हणतो. हे तसं उरकायचं नाही.

बंदूक आणलीस तेव्हा नळीच्या मागचं आट्यांचं बूच वाकडं बसलं होतं. पूर्ण पिळलं तरी त्याची पट्टी लाकडाच्या खाचेत यायची नाही, बोटभर अलीकडंच अडायची. अशा वेळी बुचाचं तोंड कानशीनं केसाएवढं उतरवायचं, पिळून बघायचं, पुन्हा उतरवायचं. तसंच केलं. शेवटच्या दिवशी एक हात जास्त पडला आणि पट्टी खाचेच्या पुढं गेली. मी ती मागं फिरवून सरळ केली. दिसायला झकास! पण मागं फिरवलेलं बूच आत घट्ट टेकलंय का, ते डोळ्याला दिसत नाही. मग नळी टांगली आणि हातोडीनं ठोकली. घट्ट असेल तर ती घंटेसारखी घुमते, सैल असेल तर शेवटी बारीक किरकिर येते. किरकिर आली नाही. चहा घेऊन आलेली गौरम्मा म्हणालीसुद्धा, "अहो, चिल्लर हलल्यागत काय वाजतंय?" मी म्हणालो, "तू चहा ठेव की."

तू शहाण्यासारखा म्हणत होतास, आधी झाडाला बांधू, लांबून दोरीनं एक बार काढून बघू. तुझे वडील तसंच करायचे. आणि मी सात रस्ता चौकातल्या माझ्या दुकानात, चार गिऱ्हाइकांदेखत तुला हसलो. म्हणालो, गिरणीत झाडू मारणारा कल्लप्पा फिटर झाला तो या कानांवर. रस्त्यानं जाणाऱ्या गाडीची कुठली बेअरिंग गेली ते आतून सांगतो, मला दोरी दाखवतोस व्हय? तू ओशाळलास आणि बंदूक घेऊन गेलास.

संगप्पा, ती उडवू नकोस. बूच सुटलं तर मागं येईल, आणि मागं तुझा डोळा असतो. पंचांना सरळ सांग, कल्लप्पानं काम बिघडवलं. यंदा नुसत्या हलगीवर पालखी उठू दे. बुधवारी गौरम्मानं मला कानाच्या दवाखान्यात नेलं, कुकरच्या शिट्ट्या मला कळेनात म्हणून. काचेच्या खोलीत बसवून हातात बटण दिलं, आवाज आला की दाबायचं. जाडेभरडे आवाज आले, तेवढ्यांना बटण दाबलं. मग मशीन थांबलं, म्हणून गप्प बसून राहिलो. बऱ्याच वेळानं बाईंनी दार उघडलं. मशीन चालूच होतं.

तुझाच,
कल्लप्पा