जिन्यावरची पांढरी पट्टी

सोमवार, ४ मार्च

"बटण दाबलं की सेक्शन तयार" — सर आज सगळ्यांच्या देखत म्हणाले. मग हिला तीन दिवस कशाला लागतात, हा त्यातला न विचारलेला प्रश्न. सगळ्यांना ऐकू गेला.

दाबलं बटण. काय आलं ते लिहूनच ठेवते. डोळ्यांच्या दवाखान्याची नवी इमारत जिन्यातून उभी कापायची, सुरीने पाव कापावा तशी, आणि आतलं दाखवायचं. आलं ते असं — भिंत आणि स्लॅब एकाच काँक्रीटचे, तरी मध्ये रेघ. कापलेली भिंत आणि मागची खिडकी सारख्याच जाडीची. तीन खोल्यांपलीकडच्या खुर्च्यांचे पाय जिन्यात लोंबतायत. कठडा भिंतीतून आरपार. हे मुकादमाच्या हातात द्यायचं? कुठे बांधायचं आणि कुठे नुसतं बघायचं, त्याला कसं कळणार?

सव्वीस वर्षं मी हेच करते. आधी शाईने, ट्रेसिंग पेपरवर. रेघ चुकली तर ब्लेडने खरवडायची, कागदाला भोक न पाडता. तेव्हा तीन दिवस मागितले तर कुणी भुवई उंचावत नसे.

घरी सांगितलं तर हे म्हणाले, "इमारत कापतेस की सरांना?" हसू आलं, पण रागावूनच.

बुधवार, ६ मार्च

इमारतीचं कॉम्प्युटरमधलं मॉडेल घुम्याने केलंय. शेजारच्या टेबलावरचा, माझ्याच वयाचा. दिवसाला दहा वाक्यं बोलतो, म्हणून घुम्या — हे नाव फक्त या वहीत.

आज त्या दहांतली चार माझ्या वाट्याला आली. "एवढं निस्तरत बसू नका. पांढरी पट्टी टाका वरून. नको असलेली रेघ झाकली जाते."

मी म्हटलं, "झाकली जाते, जात नाही."

"वेळ नसेल तेव्हा चालतं," म्हणाला आणि वळला स्क्रीनकडे.

चालतं! भिंतीला तडा गेला की कॅलेंडर टांगायचं, त्यातला प्रकार. रेघ चुकीची असेल तर मॉडेल दुरुस्त करा. बरोबर असेल तर ती दिसलीच पाहिजे. यात तिसरं काही नाही. मी एकेका भिंतीपाशी जाऊन सांधे जुळवतेय, मागच्या वस्तू फिक्या करतेय. वेळ लागतो तो याला.

गुरुवार, ७ मार्च

काम आटोक्यात आलं होतं. तेवढ्यात दुपारी इंजिनिअरकडून त्यांचं नवं मॉडेल आलं. आमच्या मॉडेलवर ते ठेवलं तर सगळ्या तुळया दोन-दोन दिसायला लागल्या — एक जुनी, एक नवी, बोटभर सरकलेली. सर पाठीमागे उभे. "स्वच्छ हवंय मला, स्वच्छ." दर दहा मिनिटांनी. मागे कुणी उभं असलं की मला साधी रेघ ओढता येत नाही, शाळेपासून.

शुक्रवार, ८ मार्च

पाच वाजता गेलं. स्वच्छ गेलं. नकाशाच्या कोपऱ्यात, 'काढणार' या चौकटीत माझं नाव. सरांनी बघितलं आणि पुढच्या कामाबद्दल बोलायला लागले.

सोमवार, २२ एप्रिल

साइटवरून मुकादमांचा फोन. जिना ओतून झाला, फळ्या काढल्या, आणि सुताराचं डोकं फुटलं. सातव्या पायरीवर. वर तुळई आडवी आलीय. चार टाके पडले.

पायरीपासून तुळईपर्यंत सात फूट हवेत. आहेत पाच फूट आठ इंच.

मुकादम म्हणाले, "बाई, इंजिनिअरच्या नकाशात तुळई होती म्हणून आम्ही ओतली. तुमच्या सेक्शनमध्ये ती नाहीच. असती तर मी ओतण्याआधी विचारलं नसतं का?"

मी म्हटलं, असं होणार नाही. नकाशा उघडला. तुळई नाही. त्या जागी कोरा कागद. मग त्या कोऱ्या जागेवर माउस नेला — तर काय! पांढरी पट्टी. पट्टी बाजूला केली, खाली तुळई, ठसठशीत.

डोळ्यांचा दवाखाना आहे हो तो. एक डोळा बांधलेली माणसं तो जिना उतरणार आहेत. आणि खाली माझं नाव.

मंगळवार, २३ एप्रिल

बैठक. सर, इंजिनिअर, मी, घुम्या. सरांनी विचारलं, "हे झाकलं कुणी?" आणि सगळे माझ्या नावाच्या चौकटीकडे बघायला लागले.

मी गप्प बसणाऱ्यांतली नाही. म्हटलं, या ऑफिसात पट्ट्या कोण लावतं ते सगळ्यांना माहीत आहे. मलाही तोच सल्ला मिळाला होता, मी तोंडावर नाही म्हटलं. माझ्यामागे फाइल कुणी उघडली ते शेजारच्या टेबलावरच्यांना विचारा.

घुम्या एवढंच बोलला — "मी नाही लावली."

बाकी एक शब्द नाही! निर्दोष माणूस असा बसतो? मी असते तर छत डोक्यावर घेतलं असतं.

सरांनी त्याला दवाखान्याच्या कामावरून काढलं. आता दुसऱ्या इमारतीच्या दारांच्या याद्या करतोय. एकोणीस वर्षांच्या अनुभवाचा माणूस. वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

बुधवार, २४ एप्रिल

सुताराला भेटून आले. पत्र्याच्या खोलीत पाटावर बसला होता, डोक्याला पट्टी. "तुम्ही कशाला आलात, बाई? तुम्ही थोडीच मारलंत?" त्याच्या बायकोने पाणी दिलं. माझ्याकडे बघितलं नाही तिने.

तुळई फोडून दोन फूट मागे घ्यायची ठरलीय. पंधरा दिवस काम थांबणार.

शुक्रवार, २६ एप्रिल

घुम्या सकाळी "नमस्कार" म्हणाला. रोजच्यासारखा. मी उत्तर दिलं नाही. हे म्हणतात, "नक्की त्यानेच केलं ना?" घरच्या माणसालाही खात्री पटवत बसायची!

सोमवारी सरांना पत्र देणार. या ऑफिसात पट्टी लावायला कायमची बंदी. सोबत पुरावा जोडते. सॉफ्टवेअरमध्ये कुठलीही वस्तू निवडून माहिती उघडली की ती कुणी बनवली त्याचं नाव येतं. त्याचं नाव छापूनच देते.

सोमवार, २९ एप्रिल

पट्टी निवडली. माझं नाव.

चारदा बघितलं. मग आठवलं — गुरुवार, इंजिनिअरच्या दोन-दोन रेषा, सर पाठीमागे. जिन्यावरची ही तुळई एकटीच, नव्याने आलेली; जुनी उरलीय समजून झाकली. पट्टीने. मीच.

शेजारच्या टेबलापाशी गेले. त्यांनी खुर्ची सरकवली.

"तुम्हाला माहीत होतं?"

"बैठकीतून आलो तेव्हाच बघितलं."

"मग बोलला का नाहीत?"

"सांगितलं होतं ना, मी नाही लावली." मग म्हणाले, "तुमचं नाव मी कसं घेणार होतो, सगळ्यांसमोर?"

सरांकडे जाऊन आले. पत्र फाडलं. उद्या अकराला बैठक लावायला सांगितलीय. त्याच खोलीत, त्याच माणसांची. मुकादमांना आणि सुतारालाही बोलवा म्हटलं.